एजंट आलाच नाही

ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं की माझं डोकं फिरतं. उन्हाचा यात काही दोष नाही. ऊन आपलं काम करतं.

पाऊस सरलेला असतो. नेऱ्याकडच्या शेतांत भात पिवळं पडायला लागतं. दुपारी तिकडून वारा आला की कुणीतरी पेजेच्या टोपावरचं झाकण उचलल्यासारखा वास येतो. चार महिने ढगात तोंड खुपसून बसलेला कर्नाळ्याचा सुळका एकदम इतका स्वच्छ दिसतो की वाटतं, हात लांब केला तर टोचेल. आणि अख्ख्या पनवेलला आपापल्या घराची दारं आठवतात. पावसाळाभर दार फुगलेलं असतं, लाथ मारून उघडतात, खांदा मारून लावतात, तेव्हा मला कोणी विचारत नाही. दिवाळी पंधरा दिवसांवर आली की सगळ्यांचे फोन एकदम. "बाळाराम, पॉलिश कधी मारतोस?"

मी पॉलिशवाला. दारं, कपाटं, देव्हारे, सोफ्याचे पाय. शिक्षण चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून.

तर थिनरचा वास आणि भाताचा वास एकदम नाकात गेले की मला एक रायफल आठवते, माझे बूट आठवतात, आणि मी चिडायला लागतो. रंधा आपटतो, कानसा फेकतो. बायको शेजारणीला सांगते, "चढला यांचा आक्टोबर. आता दिवालीपर्यंत असंच हाय."

रायफल म्हटल्यावर दचकू नका. छऱ्याची. समोर कागदावर गोल छापलेला असतो, त्यात मारायची. माझी मुलगी प्रणाली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला तो नाद लागला होता. पॉलिशवाल्याच्या पोरीला रायफल कुठून आली? सॅमसनकाकांनी दिली.

सॅमसनकाका म्हणजे जुन्या पनवेलात गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त बँकवाले. बेने इस्रायली माणूस. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, प्रार्थनेच्या घराला मात्र मशीदच म्हणणार. त्यांच्या जेवणाच्या टेबलाला मी वीस वर्षं पॉलिश मारत आलो. तरुणपणी काका नेम धरायचे, बक्षिसंबिक्षिसं मिळवलेली. प्रणाली एकदा माझा डबा घेऊन तिथे आली, भिंतीवरची रायफल बघत उभी राहिली, आणि काका म्हणाले, "नुसती बघू नकोस, उचल." तिथून सुरू झालं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता होता तिचा. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा गोळी कुठून निघते ते नाही बघितलं, पॉलिश कुणी मारलंय ते बघितलं. माझ्यापेक्षा बऱ्या माणसाने मारलेलं होतं. तिथेही चिडलो.

त्या वर्षीच्या पावसाने दस्ता फुगला आणि ऑक्टोबरात आखडला. पोरीचे छर्रे इकडेतिकडे जायला लागले. पाच मारले तर तीन एका जागी, दोन भलतीकडे. ती रडकुंडीला आली. राज्याच्या संघाची निवड दुसऱ्या रविवारी होती, आणि रायफल पाहिजे तशी ऐकत नव्हती. त्यात काका त्याच्या आधीच्या बुधवारी इस्रायलला चालले होते. मुलाकडे. कायमचे. म्हणजे ही रायफल ज्याला कळते तो एकच माणूस, तोही दहा दिवसांचा पाहुणा.

काकांनी मला घरी बोलावलं. मी तसाच कामावरून गेलो. बुटांवर भुशाचा थर होता. काका म्हणाले, "अरे, काय ते बूट! बाहेर काढ आधी." एवढंच. पण ते मी लक्षात ठेवलं, कारण मी बाकी काही लक्षात ठेवत नाही, अपमान तेवढा ठेवतो.

मग त्यांनी समजावलं. रायफलीचं लोखंड लाकडी दस्त्यात दोन स्क्रूंवर बसतं. लाकूड हललं की लोखंड केसभर डुलतं. दर छऱ्याला जागा बदलतं. म्हणून मध्ये एपॉक्सी ओतायचं, दोन डब्यांचं, ते दगडासारखं घट्ट होतं, आणि लोखंडाला बरोब्बर त्याच्याच मापाची जागा तयार होते. त्याला म्हणतात बेडिंग.

"म्हणजे रायफलीला गादी," मी म्हटलं.

"शाब्बास. गादी. आता नीट ऐक. एपॉक्सी सगळ्याला चिकटतं. म्हणून ओतायच्या आधी रिलीज एजंट लावायचा. तो लावल्याशिवाय हात लावायचा नाही."

"बरं."

"आणि एजंट बघून निवडायचा. काही पातळ असतात, ऐन वेळी पळून जातात. काही जाड असतात, स्वतःच एवढी जागा खातात की आपल्याला काही उरत नाही. मला कोरडा, कडक आवडतो. काम झालं की मागे काही ठेवत नाही. माझा ठरलेला आहे, तोच पाठवतो. शुक्रवारी, दिवस मावळायच्या आत. शनिवारी मी काही करत नाही, तुला माहीत आहे, फोनपण बंद. रविवारी सकाळी येतो. कळलं?"

"हो काका, कळलं."

आता मला सांगा, पनवेलात राहणाऱ्या माणसाला यातून काय कळणार? इथे घराबाहेर पाय टाकला तर एजंटाच्या पायावर पडतो. आणि आपण काय काय लावतो? वकील लावतो. क्लास लावतो. मुलीच्या लग्नाला मध्यस्थ लावतो. एजंटपण लावतोच. आणि रिलीज? ते तर आमच्या घरात पाठच आहे. आपला हक्क सोडल्याचा कागद करतात, त्याला आमच्याकडे कुणी हक्कसोडपत्र म्हणत नाही, रिलीजच म्हणतात. मी हिशोब केला, काका देश सोडून चालले, रायफल प्रणालीच्या नावावर करायची असणार, त्याचं रिलीज होणार, आणि ते करायला काकांचा एजंट येणार. कोरडा, कडक, मागे काही न ठेवणारा. मला तर पटलं. असा एजंट पनवेलात अजून शिल्लक आहे, याचंच नवल वाटलं.

हसा. मीपण हसलो असतो, दुसऱ्याचं असतं तर.

शुक्रवारी दुपारी पळस्प्याला जाणाऱ्या एका रिक्षावाल्याने माझ्या दुकानापाशी रिक्षा थांबवली. "सॅमसनकाकांनी दिलंय," म्हणाला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी देऊन गेला. उघडलं तर बूट पॉलिशची डबी. बिनरंगी. सोबत चिठ्ठी, मोत्यासारखं अक्षर. 'दोन हात. पहिला हात पूर्ण वाळू दे, घासून चमकव, मग दुसरा. कोपरे विसरू नकोस.'

माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. पॉलिशवाल्याला पॉलिश पाठवतो हा माणूस? माझ्या बुटांवरचा भुसा इतके दिवस याच्या मनात बसला? आणि वर मला शिकवतो, पहिला हात वाळू दे? वीस वर्षं मी याच्या टेबलाला कितवा हात मारत होतो? बायकोने डबी नाकाला लावून बघितली. "यात रंगच नाय," म्हणाली. "बिनसाखरेचा चा कसा, तसं हाय."

पण काका मोठे. त्यांचा शब्द मोडायचा नाही. मी रागारागात बसलो आणि बूट पॉलिश केले. दोन हात. पहिला पूर्ण वाळू दिला. कोपरे विसरलो नाही, टाचेकडचे सुद्धा. असे बूट माझ्या लग्नात नव्हते.

दिवस मावळेपर्यंत एजंटाची वाट बघितली. नाही आला. शनिवारी सकाळी धुतलेला शर्ट घातला, ते बूट घातले, बायकोने पोहे केले. एजंट नाही. काकांना फोन लावला, बंद. प्रणालीचा त्या दिवशी कॉलेजात पेपर होता, ती संध्याकाळी येणार होती. बारा वाजले, पोहे मी खाल्ले. आणि मला आठवलं, असंच आमच्या अंगणात एकदा एजंटासाठी पोहे केले होते. तो मात्र वेळेवर आला होता. त्याने बाबांसमोर कागद ठेवला, भराभर काहीतरी वाचलं, आणि विचारलं, "समजलं ना, मामा?" बाबा म्हणाले, "व्हय, समजला." घरात आलेल्या बुटातल्या माणसासमोर 'नाय समजला' कसं म्हणायचं? सही केली. नेऱ्याच्या आमच्या वाट्याच्या शेतात आता कुणाचं तरी फार्महाऊस आहे, निळ्या पाण्याचा तलाव आहे आणि त्यात माणसं नुसती उभी असतात.

हे आठवलं आणि मी ठरवलं, गेला खड्ड्यात एजंट. कागद नंतर. पोरीची गादी आधी.

आता मी इतकाही बावळट नाही. एपॉक्सी लोखंडाला चिकटणार, हे काकांनी सांगितलेलं मला आठवत होतं. तरुणपणी मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात दोन मोसम काढले आहेत. साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून आम्ही साच्याला तेलाचा हात फिरवायचो. घरी आई मोदकाच्या साच्याला तुपाचा हात लावायची. म्हटलं, गणपती सुटतो, मोदक सुटतो, रायफल काय त्यांच्यापेक्षा मोठी लागून गेली? तरी खात्री करायला रंगाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरचा माणूस मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "काहीपण लावा, चालतं. तेल लावा."

मला या 'चालतं'चा फार राग आहे. आमच्या गावात 'मला माहीत नाही' म्हणायला लोकांना काय लाज वाटते! रस्ता विचारा, माहीत नसला तरी हात दाखवतील. औषध विचारा, दुसऱ्याचं नाव सांगतील. पण हे मी कुणाला सांगतोय? मी स्वतः 'हो, कळलं' म्हणून आलेला माणूस.

घरातलं खोबरेल घेतलं. डोक्याला लावायचं, सुगंधी. लोखंडाला चांगलं निथळेपर्यंत लावलं. एपॉक्सी कालवलं, दस्त्यात ओतलं, लोखंड बसवलं, स्क्रू आवळले. कडेने तेल पाझरायला लागलं तेव्हा मी म्हटलं, वा, किती छान सुटतंय.

रविवारी सकाळी काका आले. शर्टाची इस्त्री कडक. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "एजंट लावलास?"

"आलाच नाही काका तो. मी दोन दिवस वाट बघितली."

"कोण आला नाही?"

"एजंट."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली गेली. माझ्या बुटांवर. दोन हात, कोपऱ्यासकट. सकाळच्या उन्हात त्यांना बहुतेक त्यात स्वतःचं तोंड दिसलं असेल.

"बाळाराम," ते हळूच म्हणाले, "डबी कुठाय?"

"संपत आली."

ते बाकावर बसले. "मग लोखंडाला काय लावलंस?"

"तेल."

"तेल!" काका उठून उभेच राहिले. "अरे, आमचे आजे-पणजे कोकणात घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवारतेली म्हणायचे आम्हाला लोक. आणि तू मला तेल लावतोस? तेल कुठे थांबतं का? लोखंडावरून निसटलं असेल आणि लाकडाने पिऊन टाकलं असेल!"

अगदी तसंच झालेलं होतं. स्क्रू काढले आणि लोखंड ओढलं, तर गादीसकट वर आलं. जिथे चिकटायला हवं तिथून निसटलं होतं, जिथे सुटायला हवं तिथे चिकटलं होतं. लोखंडाच्या अंगाला करड्या रंगाचा दगड लटकत होता आणि दस्त्याच्या पोटाला खोबरेलाचा घमघमाट सुटला होता. प्रणाली दारात उभी होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मीच ओरडलो. चूक माझी, म्हणून आवाजपण माझाच. "साधं सांगायचं ना काका! डबीतलं मेण लोखंडाला लाव म्हणायचं, पॉलिश लाव म्हणायचं! एजंट कशाला? चार यत्ता शिकलेल्या माणसाशी असं बोलतात?"

"तू हो म्हणालास!"

"मी नेहमीच हो म्हणतो!"

"मग विचारायचं होतंस, कळलं नाही म्हणून!"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, याला एवढंपण कळत नाही."

"मी कधी म्हटलंय असं? वीस वर्षांत एकदा तरी?"

मी आठवून बघितलं. नव्हते म्हणाले. कधीच नाही. ते म्हणायच्या आधी मीच माझ्या मनात त्यांच्या आवाजात म्हणून घ्यायचो. बाबांनीही तसंच केलं असणार. एजंट लबाड होताच, त्याला मी सोडणार नाही. पण त्याला फार काही करावं लागलं नाही. त्याचं निम्मं काम आमच्या मानेनेच केलं, वरखाली हलून.

सोमवारी प्रणाली क्लबात गेली, दुसरी रायफल मिळते का बघायला. तिथले सर चार जणांसमोर म्हणाले, "पॉलिशवाल्याच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार?" तिने घरी येऊन सांगितलं. मी कानस घेऊन उठलो. ती म्हणाली, "बसा पप्पा. मी त्यांना विचारलं, सर, तुमच्या घराचं दार एवढं चमकतं, ते कोणी केलं?" त्यांचं दार मीच केलेलं होतं. मला हसा, माझा हक्कच आहे तो, मी कमावलाय. पण पॉलिश मारणारे हात म्हणजे अडाणी हात, हे मला अजून पचलेलं नाही. अडाणी माझं तोंड होतं, हातांचा काय गुन्हा?

त्याच हातांनी मग दोन दिवस काम केलं. जुना रंग काढायची गरम हवेची गन माझ्याकडे होती. काकांनी लोखंडाच्या मागच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळलं, म्हणजे आतले हवा धरून ठेवणारे रबर जळू नयेत. मी हळूहळू ऊब देत गेलो. एपॉक्सी चिक्कीसारखं मऊ पडायला लागलं, की बांबूच्या चिपाने उचलायचं. नखाएवढा तुकडा निघायला दहा मिनिटं. दस्त्याचं तेल थिनरने पुसलं तरी जाईना, तेव्हा पटाशीने दोन सूत लाकूड कोरून काढलं. अक्रोडाच्या त्या चांगल्या लाकडाचा भुसा माझ्या चकचकीत बुटांवर पडत होता. मी झटकला नाही.

मंगळवारी काका नवी डबी घेऊन आले, आणि त्यांच्या घरच्या निरोपाच्या प्रार्थनेतला मलिदा, म्हणजे खोबरं आणि साखर घातलेले गोड पोहे. ते सांगायला लागले. मी म्हटलं, "थांबा. कळलं नाही. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. मेण पातळ लावायचं, दिसेल न दिसेल असं. वाळू द्यायचं. घासायचं.

"वाळलं हे कसं ओळखायचं ते नाही कळलं."

"बोट फिरव. ओढलं नाही गेलं म्हणजे वाळलं."

"दोनच हात का? तीन का नाही?"

"तीन मार! मार तीन!" काका वैतागले. "काय रे तू, परवापर्यंत सगळं कळत होतं तुला!"

स्क्रूच्या भोकांत त्यांनी मुलांच्या खेळण्यातली माती भरायला लावली, म्हणजे एपॉक्सी आत शिरून अडकणार नाही. तेपण का, ते विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा एका दुपारी मी सात वेळा 'कळलं नाही' म्हणालो. पण आभाळ कोसळलं नाही आणि काकांनी तोंड वाकडं केलं नाही. संध्याकाळी स्क्रू आवळले. "उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस," म्हणाले. उद्या संध्याकाळी ते विमानात असणार होते. निघताना प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाहेर जाऊन उगाचच माझ्या दुकानाच्या दारावरून बोट फिरवून बघितलं.

बुधवारी आम्ही दोघांनी स्क्रू काढले. मी लाकडी हातोडीने एकदा हलकेच ठोकलं. टक्. एवढाच आवाज. लोखंड वर आलं, एकटं. आतली गादी दस्त्यात राहिली, पहाटेच्या तळ्यासारखी गुळगुळीत, आणि त्यात लोखंडावरचा एकूण एक ओरखडा उमटलेला. ठेवलं की बसत होतं, उचललं की सुटत होतं. प्रणालीने दहा वेळा ठेवून उचलून बघितलं. बायको आतून म्हणाली, "मोडाल आता परत!"

पोरीची निवड झाली. शेवटून दुसरी. पण यादीत.

आता दर ऑक्टोबरात माझ्याकडे दारांबरोबर दोन-चार रायफलीही येतात. क्लबातले ते सरसुद्धा पाठवतात, मान खाली घालून. रायफल न्यायला आलेल्यांना मी समजावतो, कसं सुटं करायचं, कसं बसवायचं. आणि ते, चांगले शिकलेसवरलेले, मोबाइल बघत मान हलवतात. "हो हो, कळलं." माझा पारा तिथेच चढतो. "काय कळलं? सांगा बघू!" बायको आतून म्हणते, गिऱ्हाइकाला असं बोलतात व्हय? जाऊ दे गिऱ्हाईक. ज्याला कळलं नाही म्हणता येत नाही, त्याच्या हातात मी वस्तू देणार नाही.

परवा काकांचा फोन आला. थोडा वेळ भाताचं विचारलं, कापणी सुरू झाली का म्हणाले. मग हळूच म्हणाले, "बाळाराम, इथे प्रार्थनेचं हिब्रू चालत नाही रे. दुकानातलं निराळंच असतं. सरकारी कचेरीत बाई काहीतरी बोलली, मी हो हो म्हटलं, सही केली. आता रोज सकाळी मला कसल्याशा व्यायामाच्या वर्गाला न्यायला गाडी येते."

मी असा भडकलो! "सही केली? न समजता? अहो काका, विचारायचं ना, कळलं नाही म्हणून!"

मग काका म्हणाले, "तेच तर. ते इथल्या भाषेत कसं म्हणायचं, ते कुणाला विचारू?"